लीनाला नऊ, ट्रेव्हरला एक

खांबेटे सरांनी ठाण्याच्या एका शाळेत छत्तीस वर्षं गणित शिकवलं आणि त्या छत्तीस वर्षांत कुणालाही पूर्ण मार्क दिले नाहीत. एकदा एका मुलीचा पेपर अगदी निर्दोष निघाला, तर सरांनी तो तीनदा तपासला, समासात शाईचा डाग सापडला त्याचा अर्धा मार्क कापला, आणि मगच त्यांना शांत झोप लागली. उलट शून्यही त्यांनी कधी कुणाला दिलं नाही. नुसतं नाव लिहून कोरा पेपर देणाऱ्यालासुद्धा ते एक मार्क देत. "आला तर खरा," म्हणत. हा एक मार्क पुढे ऑस्ट्रेलियातल्या एका शहराच्या निवडणुकीत काय धुमाकूळ घालणार आहे हे ठाऊक असतं, तर सर शून्य द्यायला वेळीच शिकले असते.

सर आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. पत्नी गेल्यावर मुलगा निनाद त्यांना इकडे घेऊन आला, त्याला अकरा वर्षं झाली. वॉलॉंगॉंगपासून अर्ध्या तासावर समुद्रकाठी बुरांगा नावाचं शहर आहे. शहर म्हणायचं ते एवढ्यासाठी की त्याला सिटी कौन्सिल आहे. बाकी संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर कुत्रं फिरायचं ते मालकाला घेऊन. निनाद पोर्ट केंब्लाच्या पोलाद कारखान्यात इंजिनियर, सून लीना वॉलॉंगॉंगच्या हॉस्पिटलात नर्स. सरांना तपासायला घरात काही नव्हतं, म्हणून पेटीत येणारी जाहिरातपत्रकं ते लाल पेनने तपासत आणि फ्रिजला चिकटवून ठेवत. पिझ्झावाल्याला एकदा साडेसहा मिळाले होते.

सकाळी समुद्राकडेच्या बागेत मराठी म्हाताऱ्यांचा कंपू फिरायला जमे. सगळे कुणाचे ना कुणाचे आईवडील. मुलांनी बोलावलं म्हणून आलेले, कागदपत्रांत वर्षानुवर्षं घालवून शेवटी नुकतेच नागरिक झालेले, आणि नागरिकत्वाच्या समारंभात मिळालेलं झाडाचं रोप कुंडीत जास्त पाणी घालून मारलेले. सर धरून असे तेवीस जण होते. या वयात माणूस कुठल्या दिशेला फिरायला जाईल हे एकाच गोष्टीवर ठरतं, ती म्हणजे टॉयलेट कुठे आहे. बागेत टॉयलेट होतं. विटांचं, टुमदार, समुद्राकडे तोंड केलेलं. पण दोन वर्षांपूर्वी त्याचा पाईप फुटला, कौन्सिलने दाराला कुलूप लावलं आणि 'लवकरच उघडेल' अशी पाटी ठोकली. पाटीचा रंग उडाला तरी ते लवकर काही उजाडलं नव्हतं.

मग जुलैतल्या, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातल्या, एका बोचऱ्या सकाळी जे व्हायचं ते झालं. सर त्या कुलपासमोर पोचले आणि त्यांना पुढे धीर धरवला नाही. जॅकेट कमरेला बांधून, मागच्या गल्लीतून, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून देवाची करुणा भाकत ते घरी आले. पँट स्वतः धुतली आणि परसातल्या दोरीवर टाकली. छत्तीस वर्षं ज्यांच्या पावलांच्या आवाजाने वर्ग चिडीचूप व्हायचा, ते खांबेटे सर त्या दिवशी खोलीचं दार लावून बसले. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटत होती.

लीना रात्रपाळी करून आली तेव्हा साडेसात वाजले होते. भर थंडीत, एवढ्या सकाळी, दोरीवर एकच पँट ठिबकताना तिने पाहिली. ती काही बोलली नाही. तिने आल्याचा चहा केला, सरांच्या दारावर टकटक केलं आणि कप हातात दिला. दुसऱ्या दिवशी तिने कौन्सिलला टॉयलेटबद्दल पत्र लिहिलं. मग दुसरं लिहिलं. तिसऱ्याला उत्तर आलं की आपल्या भावनांची नोंद घेतली आहे. आणि त्याच महिन्यात त्यांच्या वॉर्डातला एक कौन्सिलर बिऱ्हाड घेऊन क्वीन्सलंडला गेला, जागा रिकामी झाली आणि पोटनिवडणूक लागली.

"मी उभी राहतेय," लीना जेवताना म्हणाली.

"तू? कशाला?" निनादचा घास हातातच राहिला.

"कुलूप उघडायला."

पँटचं नाव तिने तेव्हाही काढलं नाही. सरांनी ताटात मान घातली. ही मुलगी आपल्यासाठी उभी राहते आहे हे त्यांना लख्ख कळलं, आणि ती निवडून आलीच पाहिजे हे त्यांनी त्याच घासाला ठरवून टाकलं.

उमेदवार पाच होते. लीना, झाडं वाचवणाऱ्या एक बाई, स्केटपार्क मागणारा एक पोरगा, कुत्र्यांना वेगळा समुद्रकिनारा हवा म्हणणारे एक गृहस्थ, आणि ट्रेव्हर मॅकनली. ट्रेव्हर पूर्वी दोनदा कौन्सिलर होता, त्याचा चेहरा लालबुंद होता आणि हात मिळवताना तो समोरच्याचा खांदा निखळेल की काय असं करायचा. उमेदवारांच्या सभेत लीनाने टॉयलेटचा प्रश्न काढला, तेव्हा तो हसत म्हणाला, "सेन्सिबल माणसं घरूनच जाऊन येतात, मेट." सभागृहात हशा पिकला. खांबेटे सर तिसऱ्या रांगेत होते. त्यांनी खिशातून वही काढली आणि ट्रेव्हर मॅकनली या नावापुढे तिथल्या तिथे मार्क लिहून टाकले.

लीनाने जोरात प्रचार केला. शिफ्ट संपली की दारोदार. एक चूक मात्र तिने केली. इथे मतदानाच्या दिवशी दारातच प्रत्येक उमेदवाराची माणसं कागद वाटतात, कसं मत द्यायचं ते त्यावर छापलेलं असतं. लीनाने जाहीर करून टाकलं की मी कागद वाया घालवणार नाही, लोक शहाणे आहेत.

"बाबा, आपल्या ग्रुपचं हे पहिलंच मतदान, मत कसं द्यायचं ते माहितीये ना?" तिने एकदा गाडीची किल्ली शोधता शोधता विचारलं. "आकडे घालायचे असतात, फुली नाही."

"तुझ्या जन्माआधीपासून आकडे घालतोय मी," सर म्हणाले. "तू जा. हे माझ्याकडे लागलं."

विषय तिथेच संपला. सरांनी आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता. पण ज्याने जन्मभर उत्तरं दिली त्याला प्रश्न विचारायची सवय कुठून असणार?

मतदानाच्या आधीच्या बुधवारी सरांनी गॅरेजमध्ये वर्ग भरवला. निनादची गाडी बाहेर काढली, फोल्डिंगच्या खुर्च्या मांडल्या, भिंतीला पांढरा फळा टांगला. तेवीसच्या तेवीस जण हजर. कितीतरी वर्षांनी सरांच्या अंगात पूर्वीचं बळ आलं. लीनाने इंटरनेटवरून उमेदवारांची नावं छापून दिली होती, तेवढीच नावं, त्याच क्रमाने, सरांनी फळ्यावर लिहिली आणि प्रत्येकापुढे चौकोन काढला.

"चौकोनात आकडा लिहायचा. कसला आकडा?"

"नंबर," वासंतीबाई म्हणाल्या. वासंतीबाई पोस्टातून निवृत्त झालेल्या, पहिल्या रांगेत बसणाऱ्या आणि सरांना न घाबरणाऱ्या एकट्याच. "सगळ्यात चांगला तो एक, मग दोन, मग तीन. असंच असणार ना?"

सरांनी दयाळूपणे हसून घेतलं. "वासंतीबाई, परीक्षक पेपरवर नंबर लिहितो का? परीक्षक मार्क देतो. नंबर मागाहून ऑफिसात लागतात, सगळ्यांची बेरीज झाल्यावर. आपण कोण आहोत इथे? परीक्षक."

"पण सर—"

"शंका तास संपल्यावर."

मग सरांनी दहापैकी मार्क दिले. लीनाला नऊ.

"सुनेला नऊ? दहा का नाही?" कुणीतरी विचारलं.

"सुधारणेला वाव ठेवावा माणसाने." झाडंवाल्या बाईंना सहा, स्केटपार्कला पाच, कुत्र्यांच्या गृहस्थांना चार. ट्रेव्हरपुढे सर क्षणभर थांबले. त्यांच्या कानात तो हशा वाजला. शून्य अगदी मार्करच्या टोकाशी आलं होतं, पण छत्तीस वर्षांचं तत्त्व आडवं आलं. "एक," ते म्हणाले. "आला तर खरा." खाली त्यांनी बेरीज केली, पंचवीस, आणि तिच्याखाली दोन ठसठशीत रेघा मारल्या. "बेरीज लिहायला विसरू नका. बेरजेशिवाय पेपर अपुरा."

सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं.

"शेवटची सूचना. दारात लोक चिठ्ठ्या वाटतील. एकही चिठ्ठी घ्यायची नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये चिठ्ठी नेणं मी उभ्या जन्मात खपवून घेतलेलं नाही. आत गेल्यावर एकमेकांशी बोलायचं नाही, शेजाऱ्याचं बघायचं नाही. समजलं?"

"हो सर," बावीस जण म्हणाले. त्यानंतर चहा आणि साबुदाणा वडे आले, तेव्हा वासंतीबाईंची शंका वड्यांत राहून गेली.

शनिवारी मतदान. प्राथमिक शाळेच्या फाटकाबाहेर, इथे मतदानाला असतोच तसा, सॉसेज भाजण्याचा धूर, पावात फक्त कांदा आणि सॉस घालून मागणारे आपले शाकाहारी लोक, आणि दोन्ही बाजूंनी कागद पुढे करणारे हात. त्यातून तेवीस मराठी ज्येष्ठ नागरिक एका रांगेत, हात पाठीमागे बांधून, नजर सरळ ठेवून आत गेले. ट्रेव्हर स्वतः फाटकाशी उभा होता. त्याने सरांपुढे कागद धरला, तर सर म्हणाले, "नो चिट्स," आणि त्याच्याकडे असं पाहिलं की त्या धिप्पाड माणसाने कागद निमूट खिशात घातला.

घात केला तो चहाने. मोठा दिवस म्हणून सर सकाळी दोन कप प्यायले होते. रांग लांब निघाली. नाव, पत्ता, आधी कुठे मत दिलंत का, असं सगळं होऊन पेपर हातात पडेपर्यंत सरांच्या पोटात धरणाची दारं वाजायला लागली. शाळेचं टॉयलेट मुलांपुरतं, तिथे मोठ्यांना मज्जाव. घर बारा मिनिटांवर. पुठ्ठ्याच्या आडोशात ते शिरले. पेपरच्या माथ्यावर चार ओळी इंग्रजीत काहीतरी छापलं होतं, पण चष्मा आतल्या खिशात होता आणि खिशाला चेन होती. मार्कांचा तक्ता पाठच होता. तिथे ठेवलेल्या पेन्सिलीकडे त्यांनी तुच्छतेने पाहिलं, खिशातलं लाल पेन काढलं आणि झरझर लिहिलं. नऊ, सहा, पाच, चार, एक. एकूण पंचवीस. दोन रेघा. पेपर पेटीत टाकून, पेन मागच्याच्या हातात कोंबून ते जे निघाले ते घरी पोचूनच थांबले. आणि पोचले वेळेत. आपल्या हातून आज एक काम चोख झालं या आनंदात त्यांनी वरणभात खाल्ला आणि ताणून दिली.

संध्याकाळी निनाद लीनाचा प्रतिनिधी म्हणून मोजणीला गेला होता. आठच्या सुमारास परत आला तेव्हा लीना आणि सर जेवायला बसतच होते. तो उभाच राहिला.

"ट्रेव्हर थोडासा पुढे आहे. पोस्टाची मतं बाकी आहेत," तो म्हणाला. मग जरा थांबून, "बाबा, तुमचं लाल पेन कुठंय?"

"दिलं पुढे. रांगेत फिरत होतं. का रे?"

"बावीस पेपर निघाले. लाल शाईत. लीनाला नऊ, ट्रेव्हरला एक, आणि खाली पंचवीस लिहून दोन रेघा. त्यावर अर्धा तास वाद चालला, बाबा. शेवटी ऑफिसर म्हणाली, नियमाप्रमाणे ज्याच्यापुढे एक लिहिलंय त्याला पहिली पसंती. एक हा आकडा स्वच्छ आहे, एकदाच आहे, सो दे आर ऑल व्हॅलिड. बावीसच्या बावीस मतं ट्रेव्हरला गेली."

सरांच्या हातातला चमचा ताटात पडला. त्यांनी लीनाकडे पाहिलं. ती कोशिंबिरीकडे बघत होती.

"अजून पोस्टाची मतं आहेत," ती शेवटी म्हणाली आणि वाढायला लागली. त्या रात्री कुणी दुसरी पोळी घेतली नाही.

रविवारी सकाळी सरांनी बागेत सगळ्यांना गोळा केलं आणि झालेला प्रकार सांगितला. म्हाताऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "आपण तेवीस होतो," सर म्हणाले. "पेपर बावीस निघाले. एक कोण?"

"मी," वासंतीबाई म्हणाल्या. "मी लीनाला एक दिला."

"का?"

"वर सूचना छापली होती. जो उमेदवार पहिला हवा त्याच्यापुढे एक लिहा. मी वाचली."

"अहो मग बाकीच्यांना सांगायचं नाही?"

"तुम्हीच म्हणालात ना सर, हॉलमध्ये बोलायचं नाही."

सर बाकावर बसले. पेपर हातात आला की आधी सूचना वाचा, हे वाक्य त्यांनी आयुष्यात किती हजार वेळा उच्चारलं असेल याची गणती नव्हती. न वाचणाऱ्यांना त्यांनी वर्गाबाहेर उभं केलं होतं. त्यातले काही आता आजोबा झाले असतील.

दहा दिवसांनी अंतिम निकाल लागला. बाकीचे तिघे एकेक करून बाद झाले, त्यांची मतं पुढच्या पसंतीप्रमाणे वाटली गेली आणि शेवटी लीना आणि ट्रेव्हर दोघेच उरले. लीना एकतीस मतांनी हरली. सरांनी कागदसुद्धा घेतला नाही, गणित डोक्यातच झालं. बावीस मतं तिकडून कमी झाली असती आणि बावीस इकडे वाढली असती. चव्वेचाळीसचा फरक. म्हणजे लीना तेरा मतांनी जिंकली असती. असं सोपं गणित त्यांना जन्मात इतकं अवघड गेलं नव्हतं.

लीनाने फोन खाली ठेवला. "बाबा, मला राग आलाय," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "खूप आलाय. आत्ता बोलले तर वाईट बोलेन. मी शिफ्टला जाते." आणि ती गेली.

तिने आदळआपट केली असती तर बरं झालं असतं असं सरांना वाटलं. ते गॅरेजमध्ये गेले. फळ्यावर अजून पंचवीसची बेरीज होती, ती त्यांनी पुसली. मग एक कोरी वही काढली, फोल्डिंगच्या खुर्चीत बसले आणि लिहायला लागले. मी आधी सूचना वाचीन. मी आधी सूचना वाचीन. शंभर वेळा. छत्तीस वर्षांत ही शिक्षा त्यांनी कित्येकांना दिली होती आणि बोटं इतकी दुखतात हे त्यांना आज कळलं. वही आणि चष्मा तिथेच टाकून ते झोपायला गेले, पण झोप कसली येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत ट्रेव्हर मॅकनली त्यांची वाट पाहत उभा होता. हातात लॅमिंग्टन केकचं भलंमोठं खोकं.

"तुम्हीच ना ते टीचर?" त्याने सरांचा हात खांद्यापासून हलवला. "माझ्या माणसाने रांगेत तुमचं लाल पेन फिरताना पाहिलं होतं, मग मोजणीत बघितलं. बावीस मतं, सगळी लाल शाईत! लोक म्हणत होते, ट्रेव्हर, ते इंडियन्स तुला कशाला मत देतील? मेट, मला रडू आलं. खरंच. पण एक समजलं नाही. ते खाली पंचवीस कशाचे?"

बाकीचे म्हातारे मूग गिळून बसले होते. एकाने हळूच सरांची बाही ओढली. गप्प राहा, असा त्याचा अर्थ होता. हा खुशीत आहे, आता काही मागितलं तर देईल. सरांनाही ते दिसत होतं. नुसतं हसून मान डोलवली की काम होण्यासारखं होतं. पण चुकीच्या उत्तराला बरोबरची खूण त्यांनी कधी केली नव्हती.

त्याच वेळी रस्त्याकडेला गाडी थांबली आणि युनिफॉर्ममधली लीना उतरली. तिच्या एका हातात सरांचा चष्मा होता आणि दुसऱ्यात ती वही. ट्रेव्हरला बघून ती चार पावलांवर थांबली.

"मिस्टर मॅकनली," सर आपल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाले, "ते मार्क होते. दहापैकी. माझ्या सुनेला नऊ दिले होते. तुम्हाला एक."

"एक? म्हणजे फर्स्ट?"

"म्हणजे नापास. तोही एक तुम्ही हजर राहिलात म्हणून. चूक माझी झाली, मी सूचना वाचली नाही. आता गणित बघा." आणि सरांनी फिरायला आणलेल्या काठीने वाळूत आकडे मांडले. बावीस वजा, बावीस अधिक, चव्वेचाळीस. त्यातून एकतीस गेले. "तुम्ही तेरा मतांनी हरायला हवे होतात. समजलं का? की परत करून दाखवू?"

ट्रेव्हरचा लालबुंद चेहरा पांढरा पडत गेला.

"आता पुढची निवडणूक," सर म्हणाले. "दोन वर्षांनी आहे. आम्ही तेवीस जण आहोत, पुढच्या वर्षी आणखी अकरा जण नागरिक होतील. आणि मिस्टर मॅकनली, पुढच्या वेळी आम्ही सूचना वाचणार आहोत."

मग ट्रेव्हरने विचारलं, "पास व्हायला किती लागतात?"

"साडेतीन."

"आणि ते कसे मिळतात?"

सरांनी काठी उचलून कुलूप दाखवलं.

मागून फिस्सकन आवाज आला. लीनाने तोंडावर वही धरली होती आणि तिचे खांदे गदगदत होते. सरांना वाटलं ती रडते आहे, ते घाबरून तिच्याकडे गेले, तर ती हसत होती. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती.

"अजून राग आहे हं बाबा," ती म्हणाली. "पण आता कमी." तिने चष्मा दिला आणि वही उघडून शेवटचं पान दाखवलं. शंभराव्या ओळीखाली लाल शाईत लिहिलं होतं, दहापैकी नऊ.

"एक कशाचा कापलास?"

"पूर्ण मार्क द्यायची आपल्या घरात पद्धत नाही."

दोन वर्षं जो पाईप दुरुस्त होत नव्हता तो सहा आठवड्यांत झाला. ट्रेव्हरने उद्घाटनाला निळी फीत बांधली, पत्रकं छापली, आणि आपल्याला ज्येष्ठांची किती काळजी आहे यावर वीस मिनिटं भाषण केलं. सर पहिल्या रांगेत होते आणि त्यांनी सकाळी तीन कप चहा घेतला होता, मुद्दाम. फीत कापली गेली. पहिला मान अर्थातच सरांचा. टाळ्या वाजल्या. सर दारापर्यंत गेले आणि थबकले. दारावर कौन्सिलने नवीकोरी पाटी लावली होती, सूचनांची.

सरांनी खिशाची चेन उघडली. चष्मा काढला, पुसला, नाकावर ठेवला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"बाबा, जा ना आत!" लीना ओरडली.

"थांब. आत्ता कुठे पाचवी."

ते एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते, कपाळावर घाम होता, पण सातही सूचना वाचून, मान हलवून, मगच आत गेले. त्यांच्यामागे लगेच रांग लागली. वासंतीबाई दुसऱ्या होत्या, त्यांना पाटी पाठ झाली होती.

सर बाहेर आल्यावर ट्रेव्हरने आशेने पाहिलं. "चार," सर म्हणाले, "भाषण लांबलं त्याचा एक कापला," आणि लीनाकडे गेले. ती कठड्याला टेकून समुद्र बघत होती. आता बोलायलाच हवं होतं.

"लीना, जुलैत त्या दिवशी... दोरीवर ती पँट..."

"कुठली पँट?" लीना म्हणाली.

तिने अगदी सहज विचारलं. सरांनी हातातलं ट्रेव्हरचं पत्रक उलटं केलं, कठड्यावर ठेवलं आणि लाल पेनने तिचं नाव लिहिलं. नावापुढे त्यांचा हात जरा अडखळला, कारण तो आकडा लिहायची त्याला सवय नव्हती. त्यांनी दहा लिहिले, खाली दोन रेघा मारल्या आणि पेपर तिच्या हातात दिला.